निवांत गावाची दंतकथा

प्रवासवर्णन या सदराखाली हल्ली मासिकांतून व पुस्तकांतून जे लेखन प्रसिद्ध होते, त्यात एका विशिष्ट जातीच्या लेखाची गाठ वारंवार पडते. लेखक बहुधा तरुण असतो. पाठीवर भली थोरली पिशवी, खिशात बेताचे पैसे आणि हाताशी आठ-पंधरा दिवसांची मोकळीक, एवढ्या भांडवलावर तो पहाटे कुडाळ स्थानकावर उतरतो, तेथून एस. टी.ने सुमारे ३० किलोमीटरांवरील मालवण गाठतो, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर कोणाच्या तरी घरातील माडीवरची खोली भाड्याने घेतो, आणि त्यानंतरची आठ-दहा पाने तो काहीही करीत नाही. माडांच्या झावळ्या हलतात, लाटा येतात आणि जातात, सोलकढीचे पेले रिकामे होतात. आणि लेखाच्या मध्यावर कोठेतरी ते ठरलेले वाक्य येतेच येते, की येथे काळ थांबला आहे, येथे कोणासही घाई नाही, गाव कसे निवांत आहे! मालवणाच्या जागी वेंगुर्ले घाला, हर्णै घाला, आणखी दक्षिणेस उतरून गोकर्ण घाला. वाक्यात कानामात्रेचाही फरक करावा लागत नाही.

या वाक्याविरुद्ध आम्हांस लिहावयाचे आहे. ते केवळ जुने आणि गुळगुळीत झाले आहे एवढ्यासाठी नव्हे. गुळगुळीत वाक्ये पुष्कळ आहेत आणि त्यांवाचून मासिके निघणार नाहीत, हे आम्ही जाणतो. आमची तक्रार अशी की हे वाक्य खोटे आहे. आणि लिहिणारास ते खोटे असल्याचा पत्ताही नसल्यामुळे ते अधिक उपद्रवी झाले आहे.

परंतु मुख्य विषयाकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. नाहीतर भलताच पक्ष आम्हांस आपला साक्षीदार म्हणून पुढे करावयाचा. पाठीवर पिशवी टाकून स्वस्तात हिंडणाऱ्या तरुणावर आमचा कटाक्ष नाही. त्याच्यावर कटाक्ष असणारे लोक वेगळे आहेत आणि ते चांगले बलवान आहेत. सभांतून, व्यापाऱ्यांच्या संमेलनांतून व वृत्तपत्रांच्या स्तंभांतून त्यांचे एकच म्हणणे ऐकू येते : आम्हांस पाहुण्यांची संख्या नको, गुण हवा. या ‘गुणा’चा अर्थ विचारू जावे तर तो ऐपत असा निघतो. गोव्यात ही भाषा विशेष रूढ झाली आहे. १९६० नंतरच्या दशकात ज्या कळंगुटच्या व हणजुण्याच्या किनाऱ्यांवर झोळीवाले परदेशी तरुण येऊन राहिले आणि ज्यांच्यामुळे त्या किनाऱ्यांची नावे जगभर गेली, त्याच किनाऱ्यांवर आता झोळीवाला म्हणजे उपद्रव ठरला आहे. सिंधुदुर्गातही हा सूर लागू लागला आहे. या पक्षास आमचे उत्तर थोडक्यात असे : मोटार घेऊन शनिवारी येणारा आणि रविवारी दुपारी परतणारा श्रीमंत पाहुणा पैसे अधिक टाकतो हे खरे, पण ते कोणाच्या पदरात टाकतो? त्याच्या हॉटेलाचा मालक पुष्कळदा मुंबईस असतो, त्याच्या खाण्यातील निम्मे पदार्थ घाटावरून येतात, आणि गावात त्याचा ज्यांच्याशी संबंध येतो ती माणसे म्हणजे दरवाजा उघडणारा आणि गाडी धुणारा. पिशवीवाला मात्र बारा दिवस एका घरात राहतो, खानावळीत जेवतो, कोपऱ्यावरच्या दुकानातून साबण घेतो, एस. टी.चे तिकीट काढतो आणि सायकल भाड्याने घेतो. त्याचे थोडे पैसे दहा घरांत जातात.

शिवाय, अशा प्रवासाची आम्हां मराठी माणसांस लाज वाटावी असे काही नाही. ‘पडशी’ हा शब्द आपल्या भाषेत उगाच नाही आला. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले ते कर्ज डोक्यावर घेऊन, आणि दक्षिणेच्या आशेने. त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ साली छापून निघाला आणि अजून वाचला जातो. भटजींच्या जवळ पैसा नव्हता, परंतु डोळे होते; आणि ज्या गावी मुक्काम पडे तेथे कोण काय करून पोट भरतो याची त्यांना पक्की चौकशी असे, कारण त्यांचे स्वतःचे पोट त्यावर अवलंबून होते. आमच्या आजच्या पिशवीवाल्याजवळ भटजींच्यापेक्षा पैसा पुष्कळच अधिक आहे. उणीव आहे ती त्या चौकशीची.

आता मालवणाकडे वळू. आम्ही हे गाव मुद्दाम निवडले. कारण तेथे आम्ही स्वतः पाठीवर पिशवी टाकून एकाहून अधिक वेळा गेलो आहो, आणि एकदा तर पंधरवडाभर राहिलो आहो. तेव्हा पुढील मजकूर हा परस्थानी बसून केलेला वाद नव्हे.

मालवण निवांत आहे की नाही हे ठरविण्यास मोठे संशोधन नको. पहाटे लवकर उठावे, एवढे पुरे. आमच्या प्रवासलेखकास नेमके हेच जमत नाही. तो विश्रांतीसाठी आलेला असतो, आठ-साडेआठास उठतो, नऊ वाजता घावणे आणि नारळाचा रस पुढे येतो, आणि दहा वाजता तो किनाऱ्यावर जातो तेव्हा वाळू रिकामी असते. वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या, वाळत पडलेली जाळी आणि एखादे झोपलेले कुत्रे एवढेच त्याला दिसते; आणि तो लिहितो की या गावात कोणी काही करीत नाही. कापड गिरणीच्या दारात सुट्टीच्या दिवशी उभे राहून गिरणी किती शांत आहे असे म्हणणाऱ्यास आपण काय म्हणू?

ज्या वेळी तो झोपलेला होता त्या वेळी काय चालले होते? दांडीच्या किंवा तारकर्लीच्या वाळूवर रापण लागली असेल तर ती पाहण्यासारखी असते. होडी जाळे सोडीत सोडीत समुद्रात अर्धचंद्राकार वळसा घेते आणि दुसरे टोक घेऊन पुन्हा किनाऱ्यास लागते. मग दोन्ही टोकांच्या दोरांना माणसे लागतात. दोन रांगा वाळूत टाचा रोवून, अंग मागे टाकून, पाऊल पाऊल मागे सरत ओढू लागतात. रांगेच्या शेवटास पोचलेला माणूस दोर सोडून पाण्यापाशी जातो, पुन्हा धरतो, पुन्हा मागे सरतो. असे तास, दोन तास, कधी अधिकही चालते. रांगा हळूहळू एकमेकींजवळ येतात, आणि अखेरीस जाळ्याची मधली पिशवी पाण्याबाहेर येते. तीत कधी बांगड्यांचा ढीग असतो, कधी तारल्या-पेडव्यांच्या चार पाट्या, तर कधी दोरीला लागलेल्या हातांची मजुरीही सुटू नये इतके थोडे.

रापण एका धन्याची नसते. ती अनेक भागीदारांची, आणि जे येईल त्याचे वाटे पडावयाचे : जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्यांचे वाटे. वाटेने जाणाऱ्याने दोरास हात लावला तर त्याच्याही हातावर चार मासे ठेवण्याची रीत आहे. आमच्या देशात सहकारावर ग्रंथ लिहिले जाण्याच्या कितीतरी आधीपासून हा व्यवहार वाळूवर चालत आलेला आहे, आणि कायद्याच्या पुस्तकातील पोटनियमांवाचून तो चालतो. ज्याला मनुष्यस्वभावात रस आहे त्या लेखकाला याहून मोठा विषय कोणता हवा? परंतु आमच्या वाचनातील या जातीच्या लेखांत रापण आली तरी ती एका ओळीत येते, आणि त्या ओळीत ‘कोळी बांधव’ गाणी गात जाळे ओढीत असतात! मालवणच्या किनाऱ्यावरील मासेमार बहुतांशी गाबीत समाजाचे आहेत, आणि दोर ओढताना माणूस गाण्याऐवजी श्वास सांभाळतो, हे लेखकास कोणी सांगितलेले नसते. त्याने चित्रपटात पाहिलेला कोळी मुंबईहून पिशवीत भरून आणलेला असतो.

सायंकाळी मासळीचा लिलाव होतो तो मात्र प्रवाशांच्या दृष्टीस पडतो, कारण ती त्यांच्या फिरण्याची वेळ. सुरमई, सरंगे, मोरी, सुंगटे वाळूवर मांडलेली, भोवती माणसांचे कडे, आणि बोलींचा गलका. लेखक येथे रंगतो, छायाचित्रे घेतो, ‘जिवंतपणा’ हा शब्द वापरतो. पण या गलक्यात कोण बोली वाढवीत आहे आणि कोण गप्प उभा आहे, हे तो पाहात नाही. बोली वाढविणारास गोव्याच्या बाजारचा आजचा भाव मोबाइलवर कळलेला असतो. गप्प उभी असलेली म्हातारी पाटीभर बांगडे घेऊन उद्या सकाळी आतल्या गावांत दारोदार विकणारी असते, आणि बोली तिच्या आवाक्याबाहेर गेली की उद्या तिची पाटी रिकामी. पाच मिनिटांत हे नाट्य होऊन जाते.

रात्रीचे तर विचारूच नका. जेवण झाल्यावर आमचा प्रवासी वाळूवर उताणा पडतो. वर नक्षत्रे आणि समोर क्षितिजावर दिव्यांची रांग! ही दिव्यांची रांग या लेखांतून फार आढळते. कोणास ती दीपमाळ वाटते, कोणास समुद्रावरचे शहर. परंतु त्याच वाळूवर, त्याच्यापासून पन्नास हातांवर बसून जो रापणकर तेच दिवे पाहात असतो, तो ते मोजीत असतो. त्यांतील काही दिवे साध्या मासेमारी नौकांचे असतील. पण काही असे असतात की ज्यांच्या प्रखर एलईडी प्रकाशाने मासळीचा थवाच्या थवा एके ठिकाणी खेचावयाचा आणि मग भोवती पर्ससीनचे जाळे टाकून तो समूळ उचलावयाचा. पर्ससीन म्हणजे तळाशी दोरीने बटव्यासारखे आवळले जाणारे जाळे. रापण किनाऱ्याजवळ आलेली मासळी धरते; हे जाळे ती किनाऱ्याजवळ येऊच देत नाही. महाराष्ट्रात सागरी मासेमारीच्या नियमनाचा कायदा १९८१ पासून आहे. पर्ससीनवर राज्य सरकारने २०१६ साली निर्बंध घातले. कृत्रिम प्रकाशावर चालणाऱ्या मासेमारीस केंद्र सरकारने २०१७ साली बंदी केली. २०२१ मध्ये राज्याचा कायदा दंड वाढवून अधिक कडक झाला. तरीही दिवे दिसतात. मालवणच्या पारंपरिक मासेमारांनी या प्रश्नावर मोर्चे काढले आहेत, भर समुद्रात नौका अडविल्या आहेत, आणि त्यापायी खटलेही अंगावर घेतले आहेत. एका बाजूस वाळूवर उताणा पडलेला पाहुणा आणि दुसऱ्या बाजूस दिवे मोजणारा माणूस. आणि लेखाचे नाव काय, तर ‘निवांत मालवण’!

येथवर समुद्राचे झाले. घरात या. ज्या घरात आम्ही पंधरवडा काढला तेथील वहिनी पहाटे उठत. विहिरीचे पाणी काढणे, नारळ खवणे, आंबोळीचे पीठ, पाहुण्यांची न्याहारी, मग बाजार, मासळी साफ करणे, दुपारचे जेवण, तीन खोल्यांच्या चादरी, संध्याकाळी पुन्हा नारळ. मालवणी सोलकढी ही नारळाच्या दुधाची असते, आणि नारळाचे दूध नारळ फोडून, खवून, वाटून, पिळून निघते. ते आपोआप पेल्यात येत नाही, एवढे तरी पिणारास ठाऊक असावे. एके दिवशी आम्ही ओसरीवर बसून खवणी मागितली, तेव्हा वहिनी म्हणाल्या, “तुमी निवांत बसा. आमका बसान कसा चालतला?” आमच्या लेखकांच्या आवडीचा तो शब्द या घरात प्रथम ऐकला तो असा. गावातील माणसे हा शब्द पाहुण्यास उद्देशून वापरतात. पाहुणा तो उचलतो आणि गावास चिकटवितो. सगळा घोटाळा या एका उचलेगिरीत आहे.

कोणी म्हणेल, एका विशेषणावर एवढे रणकंदन कशाला? लेखकाने गावास निवांत म्हटले म्हणून रापणीचे काय बिघडले? बिघडते ते असे. किनारा रिकामा आहे हे चित्र एका लेखकापाशी थांबत नाही. ते जाहिरातीत जाते, शासनाच्या पुस्तिकेत जाते, नकाशात जाते. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली निर्माण झाला आणि १९९७ साली तो पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली. २०२१ साली चिपीचा विमानतळ उघडला. यांतील एकाही गोष्टीस आमचा विरोध नाही. ज्याने रेल्वे नसतानाच्या काळात मुंबई-मालवण प्रवास केला आहे तो विरोध करणारच नाही. परंतु ‘पर्यटन जिल्हा’ म्हणताना ज्यांच्या डोळ्यांपुढे किनारा म्हणजे मोकळी वाळू असे चित्र होते, त्यांना ती वाळू कोणाच्या तरी कामाची जागा आहे हे सुचलेच नाही.

रापणीस वाळूची अखंड पट्टी लागते. जाळे कोठे लागेल आणि प्रवाहाबरोबर कोठवर सरकेल हे समुद्र ठरवितो, म्हणून ती पट्टी मोकळी असावी लागते. तिच्यात मध्येच छत्र्या व खुर्च्या मांडल्या, पाण्यात वेगवान होड्या फिरू लागल्या, कोणा विश्रामगृहाने आपल्यासमोरचा किनारा कुंपणाने अडविला, की रापण तेथे संपली. जाळे वाळविणे, होडी वर ओढणे, मासळी खारवणे, हीही कामे वाळूवरचीच. शेतकऱ्याच्या शेतातून सडक काढावयाची तर निदान भूसंपादनाची नोटीस येते. मासेमाराच्या वाळूचा सातबारा त्याच्या नावावर नसतो, त्यामुळे त्याला नोटीसही येत नाही; एका सकाळी खुर्च्या येतात. त्या खुर्च्यांपूर्वी कोणीतरी छापून ठेवलेले असते की हा किनारा अस्पर्श आहे, निर्जन आहे, येथे काळ थांबला आहे. आमच्या मते हे छापील वाक्य त्या खुर्च्यांचा पहिला पाया होय.

निसर्गप्रेमी मंडळींकडूनही हीच चूक झाली आहे, हे ओघात नमूद करतो. १९८७ साली मालवणचा सुमारे २९ चौरस किलोमीटरांचा समुद्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. येथील प्रवाळ, समुद्रशैवाल आणि मासळी जपण्याजोगी आहे, यात शंका नाही. पण हा समुद्र रोज कोणी तरी नांगरल्यासारखा वापरतो आहे, हे ध्यानात न घेता रेघा ओढल्या गेल्या. साहजिकच मासेमारांनी विरोध केला, आणि ‘अडाणी लोकांना निसर्गाची किंमत नाही’ असे म्हणावयास शहरातील मंडळी मोकळी झाली. ज्यांच्या आजोबांनी रापणीने मासळी धरूनही समुद्र शिल्लक ठेवला, ते अडाणी!

देशाच्या वृत्तपत्रांत अलीकडे मालवण ठळकपणे झळकले ते दोनदा. ४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिनी राजकोट येथे शिवछत्रपतींचा पुतळा पंतप्रधानांच्या हस्ते अनावृत झाला तेव्हा, आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला तेव्हा. (पुढे २०२५ मध्ये त्या जागी नवा उभा राहिला.) समोरच्या कुरटे बेटावरील सिंधुदुर्ग १६६४ ते १६६७ या काळात बांधला गेला आणि अद्याप लाटा खात उभा आहे, ही तुलना त्या वेळी सर्वांनीच केली, म्हणून ती आम्ही पुन्हा करीत नाही. आम्हांस एवढेच म्हणावयाचे की ज्या कोणाला किल्ला पाहून केवळ पराक्रम आठवतो, त्याने किल्ल्यातील दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरीही पाहाव्यात. चोहोबाजूंनी खाऱ्या पाण्याने वेढलेल्या खडकावर गोडे पाणी आहे हे हेरल्यावाचून हा किल्ला वसता ना. राजाचे पहिले काम येथे चौकशीचे होते.

आता आमच्यावर येणाऱ्या आक्षेपांपैकी जे दोन खरोखर वजनदार आहेत त्यांचा विचार करू. पहिला असा : मनुष्य वर्षभर राबतो, तेव्हा कोठे पंधरा दिवस मिळतात, त्या पंधरा दिवसांतही त्याने खानेसुमारीचे कागद हातात घेऊन हिंडावे काय? मुळीच नाही. पंधरा दिवस वाळूवर पडून राहण्याचा त्याचा हक्क आम्ही मान्य करतो. इतकेच नव्हे, दर दोन दिवसांनी गाव बदलून ‘स्थळे’ उरकीत जाणाऱ्या प्रवाशापेक्षा एका गावी पडून राहणारा आम्हांस शतपट प्रिय आहे. एकाच ओसरीवर दहाव्या दिवशी बसल्यावर पहिल्या दिवशी न दिसलेल्या गोष्टी दिसू लागतात. त्या लवकर दिसत नाहीत, म्हणून तर राहावयाचे. आमचा प्रश्न असा की दहा दिवस राहूनही ज्याला पहिल्या दिवशीचेच चित्र दिसते, तो राहिला कोठे? त्याने पडून राहावे. पण मग लिहू नये. आणि लिहावयाचे तर ‘मी निवांत होतो’ असे लिहावे. त्याला आमची हरकत नाही, ते खरे आहे.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे, कारण तो गावातूनच येतो. रापणकरांचीच मुले आज प्रवाशांना होडीने देवबागच्या खाडीमुखापर्यंत नेतात, समुद्रतळ दाखविण्यासाठी पाणबुडीचा पोशाख चढवून त्यांच्याबरोबर बुडी मारतात, घरातील दोन खोल्या भाड्याने देतात. कर्ली नदीच्या मुखाशी जो वाळूचा दांडा आहे त्यास ‘त्सुनामी आयलंड’ म्हणतात. २००४ च्या लाटेनंतर तो वर आला असे सांगतात. अशा भयंकर नावावरही या लोकांनी धंदा उभा केला! तेव्हा ‘निवांत’ या शब्दाने गिऱ्हाईक येत असेल तर तुम्ही पुण्या-मुंबईचे लेखक त्यात विघ्न का आणता, असे आम्हांस एका होडीवाल्याने तोंडावर विचारले. त्याचा प्रश्न रास्त आहे. मासळी घटली तेव्हा पाहुण्यांनीच कित्येक घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या. मुलगा मुंबईस चाकरमानी होऊन दहा-बाय-दहाच्या खोलीत राहण्यापेक्षा गावात राहून होडी चालवितो, यात वाईट काय? ज्या कोकणाने पिढ्यान् पिढ्या मनीऑर्डरींवर दिवस काढले, त्या कोकणास घरबसल्या मिळणारा पैसा काय चीज आहे हे आम्ही सांगावयास नको.

पण होडीवाल्याच्या प्रश्नात जी गोष्ट गृहीत आहे ती आम्हांस मान्य नाही. पाहुणा येतो तो गाव झोपलेले आहे म्हणून येतो, आणि जागे आहे असे कळल्यास येणार नाही, हे कोणी ठरविले? रापण ओढताना पाहिलेला पाहुणा पुढील वर्षी परत येतो, असा आमचा अनुभव आहे. खुर्चीत बसून गेलेला पुढच्या वर्षी दुसऱ्या किनाऱ्यावरील खुर्चीत बसतो, कारण खुर्च्या सगळीकडे सारख्याच. वाळू, माड आणि सूर्यास्त यांच्या जोरावर मालवणास थायलंडशी किंवा श्रीलंकेशी स्पर्धा करता यावयाची नाही. जे तेथे नाही ते येथे आहे, आणि ते या होडीवाल्याच्या बापाच्या हातात आहे. दुर्दैव असे की ते पाहावयास शिकविणे ज्यांचे काम, ते लेखक उताणे पडले आहेत.

आणि मराठी लेखकास तर यात काहीच सबब नाही. दक्षिण कोकणाविषयी मराठीत जे मोलाचे लेखन झाले, त्यात हा निवांतपणा औषधालाही सापडत नाही. चिं. त्र्यं. खानोलकर याच मातीत वाढले. त्यांच्या कोकणात रात्र आहे, भय आहे, देवाचा कोप आहे, माणसांचे एकमेकांना पोखरणे आहे. जयवंत दळवी आरवलीचे. त्यांच्या माणसांच्या विनोदाखालीही एक अस्वस्थता सतत खदखदते. गंगाराम गवाणकरांचे ‘वस्त्रहरण’ १९८० साली रंगभूमीवर आले, आणि मालवणी बोलीने महाराष्ट्रास पोट धरधरून हसविले; पण त्या हसण्यात गावातील एक मनुष्य तरी स्वस्थ बसलेला आहे काय? ज्यांनी हे वाचले-पाहिले आहे त्यांनी कुडाळला उतरताच ते सारे विसरून परदेशी मार्गदर्शक-पुस्तिकेतील शब्द उसने घ्यावेत, हे आम्हांस नवल वाटते. त्या पुस्तिका लिहिणारास मालवणी कळत नाही. त्याला गाव मुके वाटले तर तो क्षम्य आहे. आपणांस बाजारातील प्रत्येक शब्द कळतो. ज्याला शब्द कळतो त्याने गाव मुके आहे असे लिहिणे म्हणजे कानांत बोटे घालून बसणे होय.

म्हणून यापुढे समुद्रकाठच्या गावावरील लेख आमच्याकडे आला तर आम्ही त्यात प्रथम माशांची नावे शोधणार आहो. काव्यमय नको, साधी नावे, कोणता मासा, कोणत्या महिन्यात, काय भावाने. मग घरमालकिणीच्या दिवसाचा हिशेब. मग क्षितिजावरच्या दिव्यांविषयी लेखकाने कोणास काही विचारले की नाही. एवढे असल्यावर त्याने सूर्यास्ताचे दोन परिच्छेद लिहिले तरी आम्ही ते आनंदाने छापू; आम्हांसही सूर्यास्त आवडतो.

जून महिन्याच्या पहिल्या तारखेस यांत्रिक नौकांची मासेमारी बंद होते ती ३१ जुलैपर्यंत. पाहुण्यांच्या होड्या त्याच्याही आधी, मे महिन्याच्या अखेरीस, वर ओढल्या जातात आणि ऑगस्ट संपेपर्यंत पाण्यात उतरत नाहीत. किल्ल्यात राहणाऱ्या मोजक्या कुटुंबांची ये-जा दर्याच्या मर्जीवर येते. होड्यांवर झाप घातले जातात, पडवीत जाळी विणावयास घेतात, उधारीच्या वह्या उघडतात, आणि नारळी पौर्णिमेस नारळ समुद्रात पडेपर्यंत दर घरात एकच हिशेब चालतो, की आता किती दिवस राहिले. त्या महिन्यांतील मालवणावरचा एकही लेख अद्याप आमच्या पाहण्यात नाही. खोली त्या वेळी निम्म्या भाड्यात मिळते.